व्यसन, व्यसनमुक्ती आणि घरची माणसे : ही पुस्तके ठेवावीत तरी कोणत्या कपाटात?

वाचनवेल्हाळ :

सदाशिव पेठेतल्या एका लहान वाचनालयात मी गेली नऊ वर्षे देवघेवीच्या टेबलाशी बसते आहे, त्यामुळे कोण काय वाचतो हे तर कळतेच, पण कोण काय लपवून वाचतो हेही आता कळू लागले आहे. मागच्या महिन्यात संध्याकाळची गर्दी ओसरल्यावर एक जुन्या सभासद बाई टेबलापाशी आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे पुढच्या गुरुवारी केंद्रातून घरी यायचे आहेत. घरच्यांनी कसे वागावे, असे काही पुस्तक असेल तर द्या. मात्र वर बाटलीचे चित्र नको, सासूबाई पाहतील."

मी उठले खरी, पण दोन कपाटांच्या मध्ये उभी राहिले. ड्यूई पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेला क्रमांक देऊन लावलेल्या वाचनालयात या विषयाची पुस्तके दोन ठिकाणी विभागली जातात. व्यसनाकडे आजार म्हणून पाहणारे पुस्तक ६१६.८६ या क्रमांकाखाली वैद्यकात जाते आणि सामाजिक प्रश्न म्हणून पाहणारे पुस्तक ३६२.२९ खाली समाजसेवेत जाते. एका कपाटात पिणाऱ्याचे यकृत होते आणि दुसऱ्यात पिणाऱ्यामुळे समाजाचे होणारे नुकसान. त्याचे ताट झाकून ठेवून रात्री एक वाजेपर्यंत जिन्यावरच्या पावलांचा कानोसा घेणाऱ्या बाईचे पुस्तक मला दोन्हीकडे सापडेना.

शेवटी मी त्यांना अनिल अवचट यांचे 'मुक्तांगणची गोष्ट' दिले. 'गर्द' या पुस्तकातून त्यांनी ब्राउन शुगर या अमली पदार्थाचा प्रश्न मराठी वाचकांसमोर आणला, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक मदत केली आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, हा इतिहास पुणेकरांना नव्याने सांगायला नको. बाईंनी आठ दिवसांनी पुस्तक परत आणले. त्याला कालनिर्णयच्या पानाचे कव्हर घातलेले होते. त्या म्हणाल्या, "फार चांगले आहे, पण ती केंद्राची गोष्ट आहे. माझी गोष्ट हे केंद्रात जाण्याच्या चौदा वर्षे आधी सुरू झाली, आणि ते परत आल्यावर पुढे काय, ते मला अजून माहीत नाही."

या बाईंना आपण काय वाचायला द्याल? पिणारा माणूस ज्यात मुख्य पात्र नाही, अशी पुस्तके मला हवी आहेत. मराठी असल्यास उत्तम, इंग्रजी असली तरी चालतील, मी वाचून गोषवारा सांगेन.

नाट्यवेडा :

मराठीत हा विषय निघाला की 'एकच प्याला'ला वळसा घालून पुढे जाता येत नाही, म्हणून ते नाव आधीच घेऊन टाकतो. २३ जानेवारी १९१९ रोजी नाटककार राम गणेश गडकरी गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. वकील सुधाकराची सनद काही काळ रद्द होते, तळीराम त्याला पहिला पेला देतो, आणि तिथून बुद्धिमान माणूस शपथा घेत, शपथा मोडत कसा खाली उतरत जातो, हे गडकऱ्यांनी ज्या बारकाईने दाखवले आहे, ती बारकाई मला पुढच्या शंभर वर्षांत क्वचितच आढळली. 'यापुढे थेंबही घेणार नाही' आणि 'आता शेवटपर्यंत दारूच' ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाच्या तोंडून सारख्याच प्रामाणिकपणे निघतात, हे त्यांनी ओळखले होते.

मात्र त्या बाईंना मी हे नाटक देणार नाही. भावाबरोबर माहेरी न जाणारी, लोकांची दळणे दळून घर चालवणारी आणि मरतानाही नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटी जबानी देणारी सुधाकराची बायको सिंधू आपण बालगंधर्वांच्या सुरातून इतकी गोड करून घेतली आहे, की 'कशी या त्यजू पदाला' गुणगुणताना आपण नेमके कशाला दाद देतो आहोत, याचा विचारच मनात येत नाही. माझ्या आईला ते पद अतिशय आवडे. तिच्या सख्ख्या बहिणीने सिंधूसारखेच आयुष्य काढले, आणि घरात त्या मावशीचा उल्लेख नेहमी 'सोशिक' या एका शब्दात उरकला जाई.

कसबेकर :

आपल्या बोलण्यात तथ्य असले तरी गडकऱ्यांवर थोडा अन्याय होतो आहे. सिंधूच्या सोशिकपणाने नाटकात कोण वाचते? मूल जाते, ती स्वतः जाते आणि सुधाकरही विष घेतो. पत्नीच्या सोसण्याने नवरा सुधारतो, असे नाटककाराने कुठेही लिहिलेले नाही. तो अर्थ प्रेक्षकांनी घरी नेला. तळीरामाची बायको गीता त्याच नाटकात फडाफडा बोलते, पण तिची पदे कोणी गात नाही, यात गडकऱ्यांचा काय दोष?

नाट्यवेडा :

मान्य आहे. तरीही ज्या बाईला पुढच्या गुरुवारी दार उघडायचे आहे, तिला शोकांतिका देऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

चौदावे वर्ष :

मी स्वतः मद्यपाश सोसलेला माणूस आहे. तेरा वर्षे पूर्ण झाली, चौदावे चालू आहे. त्यामुळे मी दुसऱ्या बाजूने लिहितो. पिण्याच्या काळात व्यसनावरची पुस्तके मी भरपूर वाचली, आणि प्रत्येक पुस्तक मी स्वतःच्या बचावासाठी वापरले. त्यातला माणूस सकाळी पितो, मी सकाळी पीत नाही. त्याची नोकरी गेली, माझी आहे. तो बायकोवर हात उगारतो, मी उगारत नाही. अशी तुलना करत मी प्रत्येक पानावर निर्दोष सुटत असे. घरच्यांनी माझ्या उशाशी मुद्दाम ठेवलेल्या पुस्तकांचा एवढाच उपयोग झाला. म्हणून आपले बायकामुलांसाठीचे पुस्तक नवऱ्याच्या उशाशी ठेवू नये, हे त्या बाईंना जरूर सांगावे.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या संघटनेची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी झाली आणि तिचे मूळ पुस्तक १९३९ साली निघाले. आमच्या बैठकांत त्याला 'बिग बुक' म्हणतात. त्यात आठवे प्रकरण पत्नींसाठी आणि नववे नंतरच्या कुटुंबासाठी आहे. आठवे प्रकरण 'आम्ही बायका' अशा आवाजात लिहिलेले असले, तरी ते लिहिले आहे नवऱ्याने. संस्थापकांपैकी बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांची ते लिहिण्याची इच्छा होती, पण बिल यांनी ते स्वतःच लिहिले आणि लोइस दुखावल्या गेल्या. पुढे १९५१ साली लोइस यांनीच कुटुंबीयांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना उभी केली.

माझ्या पत्नीला यातले काहीही माहीत नव्हते. तिने ते प्रकरण वाचले, पुस्तक मिटले आणि म्हणाली, "हे तुमच्यासारख्याच कोणीतरी लिहिलेले दिसते." तिला सर्वांत खटकला तो त्यातला सल्ला, की पत्नीने रागावू नये. चौदा वर्षांच्या रागाचे काय करायचे, हे त्यात नव्हते. आषाढाची अमावास्या जवळ आली की ती अजूनही आदल्या दिवशी माझ्या पगाराच्या खात्याचा संदेश तपासते. मी तेरा गटाऱ्या कोरड्या काढल्या आहेत, हे तिला ठाऊक आहे, तरीही तपासते. तिच्या या सवयीबद्दलचे पुस्तक मिळाले तर मलाही हवे आहे.

वाचनवेल्हाळ :

काका, लोइस यांची हकीकत आमच्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगण्यासारखी आहे. पुस्तक लिहिण्याचा हक्कसुद्धा आधी पिणाऱ्याकडेच गेला, यावर काय बोलावे ते मला सुचत नाही.

थोरली :

मी पत्नी नाही, मुलगी आहे, आणि या धाग्यावर मुलांविषयी अजून कोणी काही म्हटलेले नाही म्हणून लिहिते.

आमचे घर नारायण पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांचे होते. बाबांची स्कूटर बोळात आली की तिचे स्टँड लावण्याच्या आवाजावरून मला त्या रात्रीचा अंदाज येत असे. एका झटक्यात स्टँड लागले, तर धाकट्या भावाचा गृहपाठ पुढे चालू ठेवायचा. दोनतीनदा घसरले, तर त्याला अंथरुणात घालून झोपेचे सोंग घ्यायला सांगायचे आणि आमटीचे पातेले स्टोव्हवरून खाली काढून कोपऱ्यात सरकवायचे. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि हे मला कोणी शिकवलेले नव्हते. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी 'अतिशय जबाबदार मुलगी' असा शेरा असे, आणि आईला त्याचा अभिमान वाटे.

पस्तिशी ओलांडल्यावर एका मैत्रिणीने मला क्लॉडिया ब्लॅक यांचे १९८१ सालचे इंग्रजी पुस्तक दिले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'माझ्या बाबतीत असे कधीच होणार नाही' असा आहे. दारू शिरलेल्या घरातली मुले तीन नियम न सांगता शिकतात, असे त्या लिहितात : बोलायचे नाही, विश्वास ठेवायचा नाही आणि काही वाटू द्यायचे नाही. अशा घरांतल्या मुलांच्या ठराविक भूमिकाही त्यांनी वर्णन केल्या आहेत. एक मूल सगळी जबाबदारी अंगावर घेते, एक परिस्थितीला निमूटपणे जुळवून घेते आणि एक सगळ्यांची समजूत काढत राहते. हे वाचताना माझा 'जबाबदार मुलगी' हा शेरा मला प्रथमच वेगळा दिसला. तो गुण नव्हता असे मी म्हणणार नाही, पण तो कोणत्या किमतीला आला, ते शाळेला दिसले नाही आणि आईलाही दिसले नाही.

अमेरिकेतल्या एका बाईने लिहिलेल्या पुस्तकात आमच्या वाड्यातली ती खोली जशीच्या तशी सापडावी, याचे मला आधी नवल वाटले आणि नंतर राग आला. हे सगळे इतके जुने आणि इतके सार्वत्रिक होते, तर आमच्या भाषेत ते मला कोणीच कसे सांगितले नाही? भावाने पुस्तक वाचायला नकार दिला. तो म्हणाला, "आपल्या घरात असे काही नव्हते." पहिला नियम तो आजही पाळतो आहे.

हो, आणि बाबांची पिण्याची वर्षे संपल्यावरचेही सांगते. ते शेवटची सहा वर्षे पूर्ण कोरडे होते. त्या काळात आम्हाला त्यांच्याशी बोलायचे काय, हेच कळत नसे. चिडायलाही जागा उरली नव्हती, कारण ते आता चांगले वागत होते. या सहा वर्षांवर कोणी लिहिले असेल तर मला सांगा.

शंकेखोर :

थोरली यांचे लेखन वाचून काही लिहावे की नाही, असा प्रश्न पडला होता, तरी एक शंका मांडतो. या परदेशी पुस्तकांचा सगळा रोख घरच्यांनी व्यसनी माणसात गुंतून न पडता स्वतःचे आयुष्य जगावे, यावर असतो. सल्ला योग्य असेल, पण तो पाळायला स्वतःची खोली, स्वतःचे बँक खाते आणि न विचारता बाहेर जाण्याची मुभा लागते. आपल्याकडे सून गुंतून पडायचे थांबली, की दुसऱ्या दिवशी सासू म्हणते, "हिच्यामुळेच तो पितो." भाडे नवऱ्याच्या नावावर, रेशनकार्ड सासऱ्यांच्या नावावर आणि मुलांची फी दिराच्या कृपेवर. अशा बाईला तसले पुस्तक देणे म्हणजे पोहायला येत नसलेल्या माणसाला नदीचा नकाशा देणे होय.

समुपदेशिका :

मी बारा वर्षे या क्षेत्रात काम करते आहे, म्हणून शंकेखोर यांच्या शंकेला थोडे विस्ताराने उत्तर देते. शंका अगदी रास्त आहे, परंतु गुंतून न पडणे याचा अर्थ घर सोडणे असा नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका घर सोडू शकत नाहीत आणि अनेकींना ते सोडायचेही नसते. त्यांच्याबरोबर आम्ही फार लहान गोष्टींपासून सुरुवात करतो. तो शुद्धीत नसताना वाद घालायचा नाही. त्याच्या कार्यालयात फोन करून 'ताप आहे' असे खोटे सांगायचे नाही. त्याची उधारी आपल्या भिशीच्या पैशांतून फेडायची नाही. सिंधूची खोटी जबानी आणि हा तापाचा फोन मला एकाच जातीचे वाटतात. दोन्ही प्रेमापोटी दिले जातात आणि दोन्हींमुळे त्याच्या पिण्याचा परिणाम त्याच्यापर्यंत पोचत नाही. सासूबाईंच्या आरोपाला उत्तर देण्यापेक्षा त्यांनाच एकदा कुटुंबीयांच्या बैठकीला आणावे, असे माझे मत आहे, कारण मुलाचे व्यसन लपवण्याचे ओझे त्यांच्याही डोक्यावर असते. मुक्तांगणने पत्नींसाठी 'सहचरी' गट चालवला, तो याच जाणिवेतून. अशा गटात बसलेल्या बाईला पुस्तकाची गरज कमी पडते आणि पुस्तक हाती पडले तर ते समजतेही लवकर.

आता पुस्तके निवडताना दोन गोष्टींकडे कृपया काटेकोरपणे पाहावे.

पहिली गोष्ट जिवाशी संबंधित आहे. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकदम बंद करायला सांगणारे कोणतेही पुस्तक कपाटात ठेवू नये. शेवटच्या पेल्यानंतर साधारण दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रमाची अवस्था येऊ शकते. माणूस कंप पावतो, नसलेली माणसे पाहतो, ताप चढतो, आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. घरच्यांना वाटते, की दारू सोडली म्हणून हा आता नाटक करतो आहे. हे टप्पे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पडायला हवेत.

दुसरी गोष्ट म्हणजे बसस्थानकांच्या भिंतींवर दिसणारी 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशी जाहिरात. दारू सोडवण्यासाठी दिली जाणारी डायसल्फिराम ही गोळी पोटात असताना माणूस प्यायला, तर चेहरा लाल होतो, छातीत धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब एकदम खाली येतो, आणि हृदयाचा आजार असेल तर जीवही जाऊ शकतो. ही गोळी रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन आणि त्याच्या संमतीनेच द्यायची असते. तरीही ती भाजीत कुस्करून घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही, कारण दहा वर्षे कोणी काही सांगितले नाही आणि मग एका भिंतीने सांगितले, तर माणूस भिंतीचेच ऐकतो. परंतु ज्या पुस्तकात असा सल्ला आहे, ते पुस्तक वाचनालयाने बाद करावे.

पौडवासी :

डेव्हिड शेफ या अमेरिकी पत्रकाराचे 'ब्यूटिफुल बॉय' २००८ साली आले. मुलगा निक मेथॲम्फेटामिन या अमली पदार्थाच्या आहारी गेला, त्याची ती हकीकत आहे, आणि निकने 'ट्वीक'मध्ये तीच वर्षे आपल्या बाजूने लिहिली आहेत. दोन्ही लागोपाठ वाचावीत. मुलगा घरातून नाहीसा होतो तेव्हा वडील रुग्णालयांत फोन करत बसलेले असतात आणि मुलाच्या पुस्तकात त्या रात्रींत वडिलांचा विचारही फारसा नसतो. अल-अनॉनचे 'हे मी घडवलेले नाही, हे माझ्या ताब्यात नाही, हे मी बरे करू शकत नाही' हे तीन भागांचे सूत्र वडिलांच्या पुस्तकात येते. वडिलांना ते पाठ होते, पण पटायला अनेक वर्षे लागली. माझा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. याहून अधिक लिहीत नाही.

कसबेकर :

मराठीत काही नाही, असा सूर येथे लागतो आहे, त्यावर एक सुचवतो. तुषार नातू यांनी स्वतःच्या व्यसनावर लिहिलेली 'नशायात्रा' अनेकांना ठाऊक असेल, पण तीही पिणाऱ्याच्या बाजूची झाली. घरच्यांची बाजू हवी असेल तर व्यसनाचे कपाट सोडून आत्मचरित्रांच्या कपाटाकडे जावे. १९७८ सालच्या 'बलुतं'मध्ये दया पवार यांनी वडिलांचे पिणे मुलाच्या नजरेने लिहिले आहे. तिथे दारू हा पुस्तकाचा विषय नाही. ती गरिबी, जात, मुंबईची गोदी यांच्यासोबत घरात राहणारी एक गोष्ट आहे. व्यसन वेगळे काढून त्याची कारणमीमांसा करणाऱ्या पुस्तकांपेक्षा मला हे खरे वाटते, कारण घरात ते तसे वेगळे काढून दाखवता येत नाही.

थोरली :

कसबेकर, आभार. 'बलुतं' मी महाविद्यालयात अभ्यासाला वाचले होते आणि तेव्हा ती पाने मी भराभर उलटली होती. पुन्हा काढते.

शंकेखोर :

समुपदेशिकाताई, सासूबाईंना बैठकीला आणण्याची कल्पना माझ्या डोक्यात आली नव्हती. नकाशाची उपमा मागे घेत नाही, पण पोहायला शिकवणारे आहेत, हे मान्य करतो.

वाचनवेल्हाळ :

सर्वांच्या सूचना वहीत उतरवून घेतल्या आणि मागच्या शनिवारी कार्यकारिणीपुढे ठेवल्या. दोन पुस्तके अप्पा बळवंत चौकात लगेच मिळाली, बाकीची मागवली आहेत. क्लॉडिया ब्लॅक यांच्या तीन नियमांवर मी मराठीत सहा पानांचे टिपण केले आहे. थोरली यांनी ते एकदा नजरेखालून घालावे अशी विनंती आहे, कारण 'काही वाटू द्यायचे नाही' हे मला मराठीत अजून नीट साधलेले नाही.

कपाटाचा प्रश्न मात्र चिटणिसांशी तासभर वाद झाल्यावर सुटला. त्यांचे म्हणणे होते, की 'व्यसनमुक्ती' अशी ठळक पाटी लावून स्वतंत्र कप्पा करावा, म्हणजे वाचनालयाचे सामाजिक भानही दिसेल. मी विचारले, की दाराच्या समोरच्या त्या पाटीखाली पेठेतली कोणती बाई दोन मिनिटे उभी राहील? अखेर ही सगळी पुस्तके पाककृती आणि बालसंगोपनाच्या कपाटात खालून दुसऱ्या फळीवर लावली. वर्गीकरणाच्या दृष्टीने हा गुन्हा आहे, हे मला मान्य आहे. पण त्या कपाटापुढे बायका कितीही वेळ उभ्या राहिल्या, तरी कोणी मान वळवून पाहत नाही.

चौदावे वर्ष :

ताई, आणि पुरुषांनी कुठे उभे राहायचे? पौडवासी यांच्यासारखे वडीलही येतील.

वाचनवेल्हाळ :

हे माझ्या लक्षात आले नव्हते, काका. एकेक प्रत वृत्तपत्रांच्या टेबलाजवळ, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांमध्ये ठेवते. नोंदवहीत पुस्तकाचे नाव न लिहिता केवळ दाखलांक लिहिण्याची परवानगी चिटणिसांकडून घेतली आहे. त्या बाई गुरुवारनंतर अजून आलेल्या नाहीत. त्यांच्यासाठी एक प्रत टेबलाच्या खणात बाजूला काढून ठेवली आहे, कव्हर घालून.